एका चिपट्याचं वजन

शिरूर कासार
१६ नोव्हेंबर

चि. सुनिता,

अण्णांचा आशीर्वाद. हवा असेल तर घे, नको असेल तर पत्राच्या कोपऱ्यात तसाच राहू दे.

तुझं कार्ड आलं तेव्हा मी ओट्यावर बसून सातवीच्या जुन्या पुस्तकातली एक कविता चालीवर म्हणत होतो. पोस्टमनने कार्ड हातात दिलं, अक्षर ओळखलं आणि चाल तुटली. हक्कसोडपत्रावर सही करून तू तहसीलच्या पायऱ्या उतरलीस, त्यानंतर या घरात आलेलं तुझं हे पहिलं अक्षर. त्यात ‘कसे आहात’ नाही. नसू दे. कामाचंच आहे: ‘आईच्या नानखटाईचं प्रमाण ग्रॅममध्ये हवं आहे. माझ्या बेकरीतल्या बायकांना चिपटं कळत नाही. घरच्या फोनवर मी बोलणार नाही, पत्राने कळवा.’

बरं केलंस. फोन या घरात सगळ्यांच्या कानांसमोर वाजतो. पत्राचं तसं नाही.

आईचं पितळी चिपटं सापडलं. देवघराच्या खालच्या फडताळात, तिच्या चष्म्याशेजारी. तुला आठवतं का ती मापं घ्यायची ते? पहिल्या मापाला कधी ‘एक’ म्हणायची नाही. ‘लाभ’ म्हणायची. लाभ, दोन, तीन. तू लहानपणी पाढे म्हणतानाही ‘लाभ’ने सुरुवात केली होतीस आणि वर्गभर हशा झाला होता. मी हसलो नव्हतो. मला ती कवितेचीच ओळ वाटली होती.

तर आता मी तिचं चिपटं पुढ्यात घेऊन बसलोय. वर्गात मी शिकवायचो, की दोन ओळींतली अक्षरं सारखी भरली म्हणून ओळी सारख्या होत नाहीत. लघू हलकं, गुरू जड. इथेही तेच. चिपटं मैद्यानं भरा की तुपानं, डोळ्यांना सारखंच दिसतं. काट्यावर ठेवलं की कळतं, कोण लघू आणि कोण गुरू. सत्तरी ओलांडल्यावर मला हा नवा तास सापडलाय, आणि वर्गात एकटा मीच.

काटा स्वप्नालीचा. तुझ्या वहिनीकडे आता बॅटरीवरचा, ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा आहे. तुला माहीत नसेल, अभिमन्यूने तिच्या बचत गटाच्या नावाने घरामागच्या गोदामात नानखटाईचं युनिट टाकलंय. उसाला गेलेल्यांची लेकरं माळावरच्या हंगामी वसतिगृहात राहतात ना, पाकिटं तिथं जातात. जिल्ह्यात आणखीही कुठं कुठं जाणार आहेत म्हणे. पाकिटावर नाव आहे ‘रुक्मिणी पौष्टिक नानखटाई’ आणि आईचा फोटो. हळदीकुंकवाच्या दिवशीचा, तो हसरा. तुला हे आवडेल की राग येईल, मला ठरवता आलं नाही. मी रोज एक पाकीट उगाच हातात घेऊन बसतो.

स्वयंपाकघरातल्या डब्यातला, वाण्याकडचा मैदा: चिपटं सपाट भरून एकशे पस्तीस ग्रॅम. बेसन एकशे पंधरा. आई मैदा घ्यायची ‘लाभ, दोन’, बेसन अर्धं, पिठीसाखर लाभ, तूप लाभ. साखर आणि तूप मागाहून तोलून कळवतो. सगळं छान चाललंय. थंडी पडायला लागली.

अण्णा


३० नोव्हेंबर

चि. सुनिता,

तुझं दुसरं कार्ड या वेळी सहा ओळींचं. दोन ओळी वाढल्या, मी ते मोजलं. तुझा प्रश्न रास्त आहे: ‘आई शीग घ्यायची की सपाट? आणि प्रत्येक जिन्नस तीनदा तोलून बघा, अण्णा, एकदाच्या वजनावर भरवसा नसतो.’

आई धान्य शिगेनं द्यायची, वर टोक येईपर्यंत. दारी आलेल्याला सपाट माप देणं तिला पाप वाटायचं. पण नानखटाईला मात्र हाताच्या कडेनं चिपटं सपाट करायची. तेव्हा सपाटच धर.

तुपाचं सरळ आहे, तीनदा तोललं, दोनशे वीसच्या आसपास. पिठीसाखर एकशे वीस. मैद्याशी मात्र माझं भांडण लागलंय.

डबा रिकामा झाला होता, म्हणून दुपारी गोदामातल्या पोत्यातून मैदा आणला. तिथं नाथा राखणीला बसतो. तो जेवायला गेला होता. चिपटं भरलं, सपाट केलं, काट्यावर ठेवलं: एकशे एक्काहत्तर.

मला वाटलं हात दाबला गेला. तूच एकदा म्हणाली होतीस, मैदा दाबून भरला की फसवतो. म्हणून चाळणीनं चाळून, वरून अलगद सोडून भरला. एकशे अडुसष्ट. मग वाटलं काटाच बिघडला. मिठाची न फोडलेली पुडी ठेवली, बरोबर किलो आणि वर पिशवीचे दोन-चार ग्रॅम. चिपटं पाव लिटरचं, त्यात पाणी भरून ठेवलं, अडीचशे. काटा शहाणा आहे. सर्दी धरली म्हणावं, तर पीठ बोटांतून रेशमासारखं सुटतं. जरा जास्तच रेशमासारखं.

म्हातारपणी हात खोटं बोलतात, तसलं काहीतरी असेल.

संध्याकाळी अभिमन्यू आला. गळ्यातलं उपरणं काढत म्हणाला, “अण्णा, तुमी गोदामात काहून गेलते?”

“सहजच. चिपटंभर मैदा लागत होता.”

“मग स्वप्नालीला सांगायचं की. तिथं मशिनी हायत, धोतर अडकंल एखांद्या दिवशी.”

हसत म्हणाला. मायेनंच म्हणाला. नाथाने सांगितलं असेल म्हणावं तर नाथा जेवायला गेला होता. दुसऱ्या दिवशी गोदामाला नवं कुलूप दिसलं.

तूर्त तू एकशे पस्तीसच धर.

अण्णा


१३ डिसेंबर

चि. सुनिता,

आधी कामाचं. एकशे एक्काहत्तरचा आकडा कुठं लिहून ठेवला असशील तर खोड. का ते विचारू नकोस.

वरची ओळ लिहून मी उठलो, ओट्यावर दोन फेऱ्या मारल्या आणि परत बसलो. तुला ‘का विचारू नकोस’ म्हणून कधी चाललंय? सांगतो.

चाळलेला मैदा मी एका डबीत ठेवला होता. आपल्याकडे धुणंभांडी करायला तुळजाबाई येते, गल्लीच्या टोकाची. तिची लेक आणि जावई उसाला गेलेत, नात दुर्गा वसतिगृहात आहे. तुळजाबाई पाठीमागच्या चुलीवर पाणी तापवत होती. मी लोखंडी पळीत चमचाभर मैदा घेतला आणि निखाऱ्यावर धरला.

“गुरुजी, काय हो हे? पीठ जाळताव व्हय? आन्नाला असं करू न्हाई.”

“बघ फक्त.”

पीठ आधी पिवळं झालं, मग काळं, मग धूर सुटला. मी पळी तशीच धरून ठेवली. हळूहळू काळं जळून गेलं आणि पळीत राहिली पांढरी भुकटी. चमचाभर पिठाची चांगली पाव चमचा. मग डब्याच्या तळाला राहिलेला वाण्याचा मैदा खरवडून तसाच जाळला. त्याची बोटाला लागेल न लागेल एवढीच राख राहिली.

ती पांढरी भुकटी मी बोटांत चोळली. सुनिता, कॅरमच्या पटावर टाकायला तुम्ही दोघं भावंडं माझ्याकडे पैसे मागायचा, ते शंखजिरं आठवतं? दगडाची भुकटी, पण मऊ. बोट घसरतं तिच्यावर.

तुळजाबाई बराच वेळ पळीकडे बघत होती. मग म्हणाली, “माझी दुर्गी म्हनती, आज्जे, पोट दुखतंय. तिथल्या ताई म्हनत्यात थंडीनं दुखतंय. समद्याच पोरींचं दुखतंय म्हनं थंडीनं.” आणि माझ्याकडे न बघता विचारलं, “हे पीठ कुठलं हाय, गुरुजी?”

मी म्हणालो, वाण्याचं.

बघ, खोटं बोललो. माझा मुलगा आहे तो. पोत्यात काय आहे ते त्याला ठाऊकच नसेल. मैदा बाहेरून येतो, विकणाऱ्यानेच फसवलं असेल. आधी त्याला विचारतो. तू काही करू नकोस. कुणाला बोलू नकोस. भाऊ आहे तुझा.

अण्णा


२४ डिसेंबर

चि. सुनिता,

त्याला ठाऊक आहे.

आज दुपारी तो जेवायला बसला होता. स्वप्नाली भाकरी थापत होती. मी समोर पाट घेऊन बसलो आणि विचारलं, “अभिमन्यू, पोत्यात काय मिसळतोस?”

त्याने भाकरी मोडली. “काय मिसळनार? तुमच्या कवितेतलं चांदणं मिसळतोय.”

“मी तोललंय.”

“काय तोललंय?”

“आईचं चिपटं. मैद्याचं एकशे पस्तीस भरतं. तुझ्या पोत्यातलं एकशे एक्काहत्तर भरतंय.”

तो थांबला. भाकरीचा तुकडा तसाच हातात. मग मोठ्याने हसला, आणि मला वाटलं, आता म्हणेल की अण्णा, मला कुणी फसवलं. पण तो म्हणाला, “अण्णा, तुमचं चिपटं गेलं निजामाबरुबर. आता सगळा कारभार वजनावर हाय. पाकिटावर शंभर ग्रॅम लिव्हलंय, काट्यावर शंभर ग्रॅम भरतंय. एक ग्रॅम कमी न्हाई. अजून काय पायजे?”

“लेकरं खातात ते.”

“लेकरं मातीबी खात्यात. शंखजिरं हाय ते. पावडरमधी असतंय, गोळ्यांमधी असतंय. कोण मेलंय का?”

“पाकिटावर तुझ्या आईचा फोटो आहे.”

त्यावर मात्र त्याने ताट सारलं. “आईचा फोटो हाय म्हनूनच तर इश्वास ठेवत्यात लोक.”

स्वप्नालीची भाकरी तव्यावर करपली. तिने ती उलटवली नाही. मला आठवत नाही तिच्या हातून आधी कधी भाकरी करपल्याचं.

हात धुवून अभिमन्यू माझ्या शेजारी येऊन बसला. खांद्यावर हात ठेवला. आवाज एकदम मऊ. “अण्णा, तुमाला लोक काय म्हनत्यात म्हाईत हाय का? गुरुजी वट्ट्यावर एकलेच कविता म्हनत्यात. परवा सुंदरराव बी इचारत होते, गुरुजींची तब्येत बरी हाय ना? आई गेल्यापून तुमी बदलले. एखांद्या चांगल्या डॉक्टरला दाखवू.”

सुंदरराव म्हणजे तालुक्यातले पुढारी, अभिमन्यू ज्यांच्या गाडीत बसतो ते. त्यांच्याच शब्दावर हे काम मिळालं.

मी घाबरलो, पण ओरडण्याला नाही. त्याने ओरडून सांगितलं असतं तर मीही ओरडलो असतो. तो तर मला पांघरूण घालत होता.

अजूनही मी त्याला समजावीन. लहानपणी रुसला की पाठीवर थोपटत एक कविता म्हटली की ऐकायचा. तू थांब.

अण्णा


१० जानेवारी

चि. सुनिता,

तू उत्तर लिहिलं असशील तर मला मिळालेलं नाही. आता पोस्टमन पत्रं फाटकापाशी नाथाच्या हातात देतो. घरचा फोन दुरुस्तीला गेलाय. तो बिघडला होता हे मला त्यांच्याकडूनच कळलं. काटा गोदामात गेला. आईचं चिपटं मी गादीखाली ठेवलंय.

गावात मला विस्मरणाचा आजार झालाय. किराणा दुकानात गेलो तर दुकानदार मोठ्याने, बहिऱ्याशी बोलावं तसं म्हणाला, “गुरुजी, घरी सोडू का? रस्ता आठवतो ना?” माझा विद्यार्थी तो. सातवीत त्याला एक कडवं पाठ होत नव्हतं म्हणून मी शाळा सुटल्यावर त्याच्यासोबत थांबायचो. मी म्हणालो, “मैद्यात दगड आहे रे.” त्याने शेजारच्या माणसाकडे बघून डोळे मिटल्यासारखे केले. त्या दोघांना माझी कीव आली. कीव आल्यावर कुणी ऐकत नाही, सुनिता. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. शिवी देताना निदान माणूस समोरच्याचं ऐकतो तरी.

जन्मभर मला स्वप्नाळू म्हणवून घेण्यात भूषण वाटलं. बाजारात जाऊन भाजी विसरायचो, कविता घेऊन यायचो, आणि आई पदर तोंडाला लावून हसायची. त्याच गोष्टी आता अभिमन्यू लोकांना सांगतो. एकही खोटी नाही.

तुळजाबाईला मी खरं सांगितलं. ती तडक वसतिगृहात गेली, नातीला घरी घेऊन येते म्हणून. तिथं तिला सांगितलं, आईबाप आल्याशिवाय पोरगी मिळणार नाही. लेक-जावई कर्नाटकाच्या हद्दीवर कुठल्याशा कारखान्यावर, उचल घेऊन गेलेले, हंगाम संपेस्तोवर येत नाहीत. मग ती दुर्गाला एवढंच सांगून आली, “ती नानखटाई खाऊ नगं, बाई.” पोरगी म्हणाली, “मग दुपारच्याला काय खाऊ, आज्जे? तेवढंच गोड मिळतंय.”

आजपासून तुळजाबाईला कामावरून काढलंय. हे पत्र ती कमरेला खोचून नेईल.

सव्वीस जानेवारीला वसतिगृहात झेंडावंदन आहे. सुंदरराव येणार, तालुक्यातली मंडळी येणार, पाकिटं वाटली जाणार. माझ्या हातून. रुक्मिणीचा नवरा आणि गावाचे गुरुजी म्हणून. अभिमन्यूने मला भाषण लिहून दिलंय. चांगलं लिहिलंय, माझाच विद्यार्थी. मी ते वाचणार नाही. माईक माझ्या हातात असेल तेव्हा जे सांगायचं ते सांगेन. शंभर माणसांत कुणी तरी एक ऐकेलच. पोराला माझ्या तोंडानेच बुडवावं लागणार, तर निदान ते तोंड बापाचं असू दे. तोवर तू थांब.

अण्णा


२८ जानेवारी, दुपार

सुनिता,

कुणी ऐकलं नाही.

मी सगळं नीट केलं. धुतलेलं धोतर, काळी टोपी. झेंडा झाला, मुलींनी स्वागतगीत म्हटलं, एक मुलगी कडवं विसरली आणि मी खालून हळूच पहिला शब्द सांगितला. माझं नाव पुकारलं. मी माईक धरला आणि म्हणालो, “लेकरांनो, ही पाकिटं खाऊ नका. यात दगडाची भुकटी आहे. मी तोलून बघितलंय, जाळून बघितलंय.”

मला ऐकू येत होतं ते फक्त झेंड्याच्या दोरीचं खांबावर आपटणं. तेवढा वेळ, सुनिता, मला वाटलं की झालं.

मग अभिमन्यू उठला. त्याने माझ्या हातातून माईक ओढला नाही. माझ्या हातावर हात ठेवला आणि माईक आपल्या तोंडाकडे वळवला. “माफी असावी. आई गेल्यापासून अण्णांचं असं होतंय. रोज आईचं माप घेऊन बसतात. आम्हाला बघवत नाही.” त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. खरं पाणी होतं, मी बाप आहे, मला कळतं. पुढच्या रांगेतल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. सुंदररावांनी स्वतः उठून मला खुर्चीत बसवलं, गळ्यात हार घातला. टाळ्या पडल्या. टाळ्या कशाच्या, ते मला अजून कळलं नाही.

पाकिटं स्वप्नालीने वाटली. दुर्गा दुसऱ्या रांगेत होती. तिने पाकीट फोडलं नाही, माझ्याकडे बघत बसली. मी मानेनं नाही म्हणालो. तेवढ्यात मागून कुणी तरी बाई म्हणाली, “खा गं, पाहुणे बघत्यात.” पोरीने माझ्याकडे बघत बघतच तुकडा तोंडात टाकला.

काल दुर्गाला बीडला नेलं. आणखी दोन मुली आहेत सोबत. पोट फुगलंय, पाणीही ठरत नाही. डॉक्टर अजून काही सांगत नाहीत. अभिमन्यू कालपासून तिकडेच आहे. लेकरांना बघायला नाही, बातमी बाहेर फुटू नये म्हणून. तुळजाबाई त्यांच्या खाटेशी आहे असं कळलं.

आणि उद्या सकाळी मला नेणार आहेत. कुठल्या तरी डोंगरातल्या आश्रमात, जिथं माझ्यासारख्यांची काळजी घेतात. पिशवी भरून झाली. कवितांची पुस्तकंही भरली आहेत त्याने, आठवणीनं.

एवढं लिहून मी डबीतला उरलेला मैदा एका कागदात बांधला, पत्राच्या पाकिटात घातला आणि बसून राहिलो. पोस्टात टाकणार कोण? तेवढ्यात स्वप्नाली दारात येऊन उभी राहिली. किती वेळ उभी होती देव जाणे.

“पत्र ताईला हाय ना, अण्णा?”

मी पाकीट मांडीखाली सरकवलं. म्हाताऱ्याची चपळाई, ती बघत होतीच.

“द्या. मी टाकते.”

ती आत आली, खाली बसली. “युनिट माझ्या नावावर हाय. कागदं माझ्या सहीची. धरलं तर पयलं मलाच धरतील, ते ठाऊक हाय मला.”

“मग?”

“मी आईंच्या हाताखाली शिकले नानखटाई. तुमाला काटा लागला, अण्णा. मला पयल्याच दिवशी कळलं, पिठात हात घातल्याबरुबर.” तिने आपले तळवे माझ्यापुढे केले आणि परत पदरात घेतले. “ह्या हातानं वाटली परवा. त्या पोरीच्या ओंजळीत मीच ठिवलं पाकीट.”

मी पाकीट पुढे केलं, तिने आतली पुडी काढून हातात जोखली. “एवढ्यानं काय व्हनार? तपासायला लई लागतंय. आन् कुनी म्हनंल, म्हाताऱ्यानंच मिसळलं.” उठली, किल्ल्यांचा जुडगा घेतला आणि गोदामाकडे गेली. नाथा फाटकावर होता. तिने त्याला सगळ्यांदेखत हाक मारून सांगितलं, गटाचं सॅम्पल पोस्टात टाकायचंय, पोतं धर जरा. नाथाने धरलं. दर पंधरवड्याला तीच पार्सलं टाकते, त्याला काय वाटणार?

आता ती माझ्यासमोर बसून पार्सल शिवते आहे. पोत्यातला मैदा शिक्क्यासकट, त्याच दिवशीची न फोडलेली पाकिटं, आणि गोदामाच्या कोपऱ्यातल्या गोणीतलं निव्वळ शंखजिरं, वेगळ्या पिशवीत. काटाही घेऊन आली. पार्सल त्यावर ठेवून आकडा बघितला. म्हणाली, “तिकिटं जास्तच लावते. कमी पडली तर हे परत ह्याच घरी यील.” मग पाठवणाऱ्याच्या जागी माझं नाव घालू का विचारलं मी, तर तिने नाही म्हणून मान हलवली आणि ठळक अक्षरांत लिहिलं: स्वप्नाली अभिमन्यू.

ती या चिठ्ठीसाठी थांबली आहे, म्हणून भरभर लिहितो. फाटकापाशी गाडीचा हॉर्न वाजतोय. अभिमन्यू लवकर परतला. नाथा फाटक उघडतोय. ती म्हणते, लिव्हा तुमी, मी मागच्या दारानं जाते.

मी तुला आजवर थांब म्हणत आलो. आता थांबू नकोस. या घरी फोन करू नकोस, भावाला काही विचारू नकोस. पार्सल हातात पडल्याबरोबर अन्नतपासणीच्या कचेरीत जा, आणि तिथं कुणी हसलं तर वरच्या कचेरीत जा. बीडच्या डॉक्टरांना शंखजिऱ्याचं नाव सांग. ते काय शोधायचं ते न कळता शोधताहेत. तिन्ही लेकरं आधी.

मग इकडे ये. माझ्यासाठी नको, मला कविता पाठ आहेत, मी कुठंही बसेन. हिच्यासाठी ये. पार्सलावर हिचं नाव आहे, आणि आज संध्याकाळी तोललं की गोदामातलं पोतं कमी भरेल.

अण्णा